रक्तदान आणि आजारपणाची रजा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एका लहान मंडळींत अशी एक गोष्ट घडली कीं, तिच्यावरून पंचांमध्यें दोन पक्ष पडले, आणि दोन्ही पक्षांनीं आपापल्या बाजूस पवित्र शास्त्राचा आधार दाखविला. गोष्ट दिसण्यांत लहान आहे. परंतु तिच्या पोटांत दयेचा आणि सत्याचा असा दुहेरी प्रश्न आहे. दया एका बाजूस ओढते आणि सत्य दुसऱ्या बाजूस ओढतें असें जेथें वाटतें, तेथें ख्रिस्ती माणसानें काय करावें, याचा आमच्या वाचकांनीं, विशेषेंकरून खेड्यापाड्यांतून सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंनीं, शांतपणें विचार करावा म्हणून आम्ही ती येथें सांगतों. नांवें मात्र सांगत नाहीं.

त्या मंडळींतील एक तरुण तालुक्याच्या गांवीं एका कारखान्यांत कायम नोकरीस आहे. रविवारीं तो मुलांची शब्बाथ शाळा चालवितो. एके रात्रीं त्याच्या आळींतील एका बाईस बाळंतपणांत अतिशय रक्तस्राव झाला. तिला रुग्णालयांत नेलें. डॉक्टरांनीं रक्त चढविण्यास आरंभ केला. पण तिच्या गटाचें रक्त रक्तपेढींत संपत आलें होतें, म्हणून कोणी देणारे असतील तर सकाळीं घेऊन यावें, असें पेढीवाल्यांनीं नातलगांस सांगितलें. सकाळीं हा तरुण गेला. त्याच्याबरोबर गांवांतील दुसराहि एक मनुष्य गेला. तो लोकांच्या शेतांवर रोजंदारीनें काम करणारा. दोघांनीं रक्त दिलें. बाई व मूल दोघेंहि वांचलीं, याबद्दल देवाची स्तुति असो.

दुसऱ्या दिवशीं कामावर गेल्यावर त्या तरुणानें अर्ज लिहिला कीं, ताप आल्यामुळें काल येतां आलें नाहीं, तरी आजारपणाची रजा मंजूर व्हावी. रजा भरपगारी मंजूर झाली. पुढें आठ दिवसांनीं त्याच्या एका मित्रानें, चांगल्या हेतूनेंच, चारचौघांत त्याची वाहवा केली कीं, यानें अमक्या दिवशीं रक्त देऊन एका बाईचा प्राण वांचविला. तारीख जुळली. मुकादमानें ही गोष्ट वर कळविली. त्या दिवसाचा खाडा मांडला गेला, पगार कापला गेला, आणि वर लेखी ताकीद मिळाली.

ही बातमी मंडळींत आली तेव्हां एका पंचानें म्हटलें, "जो लेखी खोटें बोलतो त्यानें मुलांस दहा आज्ञा शिकवूं नयेत." दुसऱ्यानें उत्तर दिलें, "मिसर देशांतल्या सुइणींनीं फारोला काय सांगितलें तें वाचा. आणि राहाबेनें हेरांस कसें लपविलें तेंहि वाचा. देवानें त्यांचें बरेंच केलें ना?" वाद वाढला. तेव्हां तो तरुण स्वतःच एका सायंकाळीं आमच्याकडे आला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, मी चांगलें केलें कीं वाईट केलें?" आम्हीं उत्तर दिलें, "दोन्ही." या उत्तरानें त्याचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नाहीं. म्हणून त्या एका शब्दाचा अर्थ उलगडून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधीं त्यानें जें दिलें तें काय होतें हें पाहूं. खेड्यांत अजूनहि पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, अंगांतून गेलेलें रक्त पुन्हां भरून येत नाहीं, आणि कमावत्या पुरुषानें तें दिलें तर तो जन्माचा अशक्त होतो. ही समजूत खरी नाहीं. धडधाकट प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. रक्तपेढी त्यांतून एका वेळीं ३५० मिलिलिटर, आणि वजन पुरेसें असल्यास ४५० मिलिलिटर घेते. त्यांतील द्रव भाग एकदोन दिवसांत भरून निघतो. तांबड्या पेशी भरून येण्यास कांहीं आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषानें ३ महिन्यांनीं व स्त्रीनें ४ महिन्यांनींच पुन्हां रक्त द्यावें असा आपल्या देशांत नियम आहे. देणाऱ्याचें वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावें लागतें, वजन निदान ४५ किलो असावें लागतें, आणि हिमोग्लोबिन १२.५ हून कमी असेल तर रक्त घेत नाहींत. तेव्हां हें दान निरोग्यानें आपल्या भरलेल्या घागरींतून तांब्याभर पाणी काढून द्यावें असें आहे.

परंतु घेणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर त्या तांब्यास मोल नाहीं. कार्ल लँडस्टायनर या डॉक्टरांनीं १९०१ सालीं रक्ताचे गट जगापुढें मांडले, आणि एकाचें रक्त दुसऱ्यास निर्धोकपणें देण्याची वाट मोकळी झाली. तेव्हांपासून वैद्यकशास्त्र कितीतरी पुढें गेलें; तरी माणसाच्या रक्ताची जागा भरून काढील असें कांहीं अजून कोणत्याहि कारखान्यांत तयार होत नाहीं. तें माणसानेंच माणसास द्यावें लागतें. शिवाय तें धान्यासारखें कणगींत वर्षभर भरून ठेवतां येत नाहीं. तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, आणि प्लेटलेट म्हणून ज्या बारीक पेशी आहेत त्या अवघे ५ दिवस. थॅलॅसेमिया नांवाचा रोग घेऊन जन्मास आलेल्या लेंकरास तर दर दोनचार आठवड्यांनीं रक्त लागतें, आणि तें जन्मभर. त्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते. देवानें एकापासून सर्व राष्ट्रें निर्माण केलीं, ही पौलानें अथेनैच्या लोकांस सांगितलेली गोष्ट रक्तपेढींत रोज खरी ठरते.

येथवर त्या तरुणाचें कृत्य निर्मळ आहे. त्यानें शेजारणीस दिलें तें उत्तम दिलें. आतां सत्याची बाजू घेऊं.

मिसरी सुइणींचें उदाहरण ज्या पंचांनीं दिलें त्यांचा आम्ही आदर करतों; परंतु तें येथें लागू पडत नाहीं असें आम्हांस वाटतें. शिप्रा व पुवा यांच्यापुढें फारो उभा होता. त्यानें मुलें मारण्याची आज्ञा दिलेली होती. तिच्यापुढें विनंतीस जागाच नव्हती. या तरुणाच्या व्यवस्थापकानें अशी कांहीं आज्ञा केलेली नव्हती. त्याला विचारलेंच नव्हतें. आपण न विचारतांच आपल्या धन्यास फारो ठरविलें, आणि मग फारोशीं जसें वागावें तसें त्याच्याशीं वागलों, हा अन्याय आहे. आणि त्या खोट्यानें दुसरेंहि एक नुकसान केलें. चांगलें काम झांकून ठेवावें लागलें. जें उघड झालें असतें तर आणखी चार कामगारांनीं रक्त दिलें असतें, तें चोरीच्या मालासारखें लपवावें लागलें. आणि उघडकीस आलें तेव्हां लोकांनीं रक्ताबद्दल न बोलतां लबाडीबद्दल बोलण्यास आरंभ केला. खोट्याचा हा स्वभावच आहे कीं, ज्या चांगल्या कामाच्या रक्षणासाठीं आपण तें जवळ करतों त्याच कामास तें डाग लावतें.

हें आम्हीं त्या तरुणास सांगितलें तेव्हां तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "साहेब, मागल्या वर्षीं आमच्यांतल्या एकानें खरें सांगून रजा मागितली होती. रक्त देणें हा आजार नव्हे, असें म्हणून त्याचा खाडा मांडला. मग मीं काय करावें?"

या उत्तरानें प्रश्नास निराळें वळण लागलें. कारण येथें पाप एकट्याचें उरलें नाहीं. जो धनी असा नियम ठेवतो कीं खरें बोलणाऱ्याचा पगार कापला जाईल आणि खोटें बोलणाऱ्यास तो मिळेल, तो आपल्या चाकरांस रोज खोटें बोलावयास शिकवितो. आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये, असें मोशेच्या नियमशास्त्रांत आहे. ज्याच्या घरीं महिन्याच्या पगारावर चूल पेटते त्याच्या वाटेंत असा नियम ठेवणें म्हणजे अडखळणच ठेवणें होय. जो अडखळला तो निर्दोष नाहीं. पण ज्यानें दगड ठेवला तोहि निर्दोष नाहीं.

मग धन्यानें काय करावें? रक्तदानासाठीं भरपगारी रजा द्यावी काय? येथें एक प्रामाणिक शंका पुढें येते, आणि ती आमच्या मंडळ्यांतील वडील माणसांकडूनच येते. तीं म्हणतात, दावीद राजानें अरवना यबूसी याचें खळें फुकट घेण्याचें नाकारलें. ज्याला आपलें कांहीं खर्चावें लागलें नाहीं असा यज्ञ आपण परमेश्वरास करणार नाहीं, असा त्याचा निश्चय होता, आणि त्यानें ५० शेकेल रुपें मोजून दिलें (२ शमुवेल २४). तर मग ज्याचा पगार चालू राहिला त्याचें दान कसलें? तें धन्याच्या पैशानें केलेलें दान नव्हे काय?

ही शंका उडवून लावण्याजोगी नाहीं, कारण रक्त आणि पैसा यांची गांठ पडली म्हणजे काय होतें हें आपल्या देशानें पाहिलें आहे. पूर्वीं शहरांतून पैसे घेऊन रक्त देणारे लोक असत. जो पोटासाठीं रक्त विकतो त्याला आपला आजार लपविण्याचा मोह होतो, आणि ठरलेल्या मुदतीच्या आधींच पुन्हां सुई टोंचून घेण्याचाहि होतो. त्यानें त्याचेंहि नुकसान आणि घेणाऱ्याचेंहि. म्हणून सर्वोच्च न्यायालयानें ४ जानेवारी १९९६ रोजीं निकाल देऊन ही पद्धत बंद करण्यास सांगितलें, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास आपल्या देशांत बंदी आहे. विलायतेंतील रिचर्ड टिटमस नांवाच्या प्राध्यापकांनींहि १९७० सालीं एक पुस्तक लिहून असेंच प्रतिपादन केलें होतें कीं, विकत घेतलेल्या रक्तापेक्षां देणगी म्हणून मिळालेलें रक्त अधिक निर्धोक असतें. रक्त विकूं नये, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं.

परंतु किंमत देणें ही एक गोष्ट आहे, आणि दंड न करणें ही दुसरी. जो मनुष्य घरीं बसला असतां तर त्याला कांहीं मिळालें नसतें, आणि रक्त दिलें म्हणून शंभर रुपये मिळाले, त्यानें रक्त विकलें. पण जो मनुष्य कामावर गेला असतां तर त्याला रोज मिळणारच होता, आणि रक्तपेढींत गेला तरी तो बुडाला नाहीं, त्याला रक्ताची किंमत मिळाली नाहीं. चांगलें काम केल्याबद्दल त्याच्यावर दंड बसला नाहीं, इतकेंच. त्याचें रक्त त्याचेंच गेलें. सुई त्याच्याच हातांत शिरली. भीति त्यालाच जिंकावी लागली. दावीदानें खळ्याचे पैसे मोजले ते आपल्या अर्पणाचा भार दुसऱ्यावर पडूं नये म्हणून. अर्पण करणारा उपाशी मरावा म्हणून नव्हे. आणि धनी जेव्हां खुषीनें ती रजा देतो तेव्हां त्याचाहि त्या दानांत वांटा होतो. एक रक्त देतो, दुसरा दिवस देतो. दोघांचेंहि कांहीं खर्च होतें, आणि दोघांचेंहि अर्पण खरें ठरतें.

दुसऱ्या देशांचा अनुभवहि असाच आहे. इटली देशानें १९६७ सालीं कायदा करून रक्तदान करणाऱ्या नोकरास त्या दिवसाची भरपगारी विश्रांति देण्याचें ठरविलें. पुढें २०१३ सालीं दोन इटालियन अर्थशास्त्रज्ञांनीं तेथील दात्यांच्या नोंदी तपासून असें दाखविलें कीं, ही सोय ज्यांस आहे ते तिच्यामुळें वर्षांतून सरासरी एक वेळ अधिक रक्त देतात. आपल्या केंद्र सरकारच्या नोकरांसहि अशी सोय आहे. २०१७ सालच्या डिसेंबरांत निघालेल्या आदेशाप्रमाणें, परवाना असलेल्या रक्तपेढींत कामाच्या दिवशीं रक्त किंवा रक्ताचे घटक दिल्याचा पुरावा दाखविल्यास त्यांस त्या दिवसाची विशेष नैमित्तिक रजा मिळते; मात्र वर्षांतून ४ वेळांपेक्षां अधिक नाहीं. या रजेस निराळें नांव आहे, म्हणून कोणासहि तापाचें सोंग आणावें लागत नाहीं. आमच्या मतें हाच उत्तम मार्ग होय.

कोणी विचारील कीं, रक्त काढावयास दहा मिनिटें लागतात, तर सबंध दिवस कशाला? जो कचेरीच्या शेजारींच रक्त देतो त्याला कदाचित् दोन तास पुरतील. पण खेड्यांतून तालुक्यास जावयाचें म्हणजे एस.टी.ची वाट पाहणें आलें, पेढींतली तपासणी आली, नंतरची विश्रांति आली. आणि रक्त दिल्यावर त्या दिवशीं जड ओझें उचलूं नये, उंचावर चढूं नये, मोठ्या यंत्रावर काम करूं नये, असें डॉक्टर सांगतात. तेव्हां कारखान्यांतल्या माणसास दिवसाची रजा देणें ही चैन नव्हे, सावधगिरी आहे.

परंतु सर्वच धनी निराळी रजा देऊं शकणार नाहींत. लहान दुकान, लहान शाळा, चार माणसांचा छापखाना, यांना रजेचे नवे प्रकार काढणें जड जातें. तेथें आजारपणाची जी रजा आधींच ठरलेली आहे तींतून रक्तदानाचा दिवस घेऊं द्यावा काय? आमचें मत असें आहे कीं द्यावा; मात्र उघडपणें द्यावा. आजारपणाची रजा आजारासाठीं असते हें खरें. पण तो आजार आपलाच असावा, शेजाऱ्याचा असूं नये, असें ख्रिस्ती माणसानें कां म्हणावें? एकमेकांचीं ओझीं वाहण्याविषयीं पौलानें गलतीकरांस जें लिहिलें, त्यांत शेजाऱ्याच्या आजाराचें ओझें येत नाहीं काय? जो आपल्या आजारपणासाठीं राखून ठेवलेला एक दिवस दुसऱ्याच्या आजारासाठीं देतो, तो आपल्या कणगींतलें एक पायलीभर धान्यच देतो. फक्त अर्जांत 'ताप' असें न लिहितां 'रक्तदान' असें लिहावें, आणि धन्यानें तो शब्द वाचून सही करावी. एवढ्या एका शब्दानें पापाचें मूळ तुटतें.

तथापि येथें तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली अशी कीं, ज्याच्या घरीं दुखणें आहे, किंवा ज्याची रजा थोडीच उरली आहे, त्यानें ती देऊन टाकूं नये. देवाला अर्पण केलें असें म्हणून आईबापांचा आधार काढून घेणाऱ्यांस प्रभूनें दोष दिला, हें मार्काच्या सातव्या अध्यायांत आहे. दुसरी अशी कीं, कोणावर जुलूम करूं नये. मुकादम पाहतो म्हणून दिलेलें रक्त हें दान नव्हे. पुष्कळ बायकांच्या अंगीं रक्त कमी असतें. त्यांस पेढी परत पाठविते. आणखीहि कांहीं खासगी कारणांनीं डॉक्टर एखाद्यास 'नको' म्हणतात. अशा माणसास कोणीं कारण विचारूं नये, आणि त्याची रजाहि कापूं नये. तो गेला, त्यानें हात पुढें केला, इतकें पुरें आहे. तिसरी अशी कीं, रजेचें निमित्त करून कोणी बाजारास जाऊं नये. पेढीची चिठ्ठी आणून दाखवावी. धन्यानें विश्वास ठेवावा, आणि चाकरानें त्या विश्वासास पात्र असावें.

येथपर्यंत लिहून आम्ही थांबणार होतों. पण लिहितां लिहितां आमच्या ध्यानांत आलें कीं, त्या सकाळीं रक्तपेढींत दोन माणसें गेलीं होतीं, आणि आम्ही महिनाभर एकाविषयींच वाद घालीत होतों. तो रोजंदारीचा मनुष्य कोठें गेला?

तो दुसऱ्या दिवशीं पहाटे कामावर गेला. भाताच्या लावणीचे दिवस होते. या दिवसांत एक रोज बुडणें म्हणजे काय हें खेड्यांतल्या वाचकांस सांगावयास नको. त्यानेंहि तेवढेंच रक्त दिलें होतें. त्याचाहि एक दिवस गेला होता. परंतु त्याच्यासाठीं भरपगारी रजा नव्हती, बिनपगारी रजा नव्हती, ताकीद देणारा व्यवस्थापकहि नव्हता. त्यानें खोटा अर्ज केला नाहीं, कारण अर्ज करावयास त्याच्यापाशीं जागाच नव्हती. पंचांनीं त्याला दोष दिला नाहीं, आणि स्तुतीहि केली नाहीं. आम्हींहि केली नाहीं, हें आम्ही येथें कबूल करतों.

बेथलेहेमाच्या वेशीजवळच्या विहिरीचें पाणी प्यावें अशी दावीदास इच्छा झाली, तेव्हां त्याचे तीन वीर शत्रूच्या छावणींतून वाट काढून तें घेऊन आले. दावीदानें तें प्यालें नाहीं, परमेश्वरापुढें ओतलें. कारण त्यांत त्याला पाणी दिसलें नाहीं, जीव धोक्यांत घालून गेलेल्या त्या माणसांचें रक्त दिसलें (२ शमुवेल २३). राजानें जें पाहिलें तें आम्हांस पाहतां आलें नाहीं. आम्हांस रक्ताची पिशवी दिसली; तिच्याबरोबर गरिबाचा रोज आणि त्याच्या लेंकरांची भाकर गेली, ती दिसली नाहीं.

तेव्हां ज्यांस रजा आहे त्यांचा प्रश्न धन्यानें सोडवावा. पण ज्यांस रजाच नाहीं त्यांचा प्रश्न कोणीं सोडवावा? मंडळीनें, असें आमचें उत्तर आहे. त्याच्या हातावर पैसे ठेवावे असें आम्ही म्हणत नाहीं, कारण रक्त दिल्याबद्दल रोख पैसे देण्याची संवय एकदां लागली म्हणजे दान आणि विक्री यांतलें अंतर पुसटत जातें. परंतु आमच्या खेड्यांत पैशाहून जुनी एक रीत आहे. एकाच्या शेतांत सर्वांनीं मिळून राबावें, मग दुसऱ्याच्या, तिला सावड म्हणतात. कोठें इर्जिक म्हणतात. जो गरीब रक्त देऊन आला त्याच्या तुकड्यावर मंडळींतील चार जणांनीं एक दिवस राबावें. ज्याला तुकडा नाहीं त्याचें घर शाकारावें, त्याचें सरपण फोडून द्यावें. रक्ताच्या बदल्यांत घाम. या देवघेवींत विक्रीचा वास नाहीं. ही भावकी आहे.

दुसरा उपाय असा. तालुक्याच्या रक्तपेढीस विनंती केली आणि देणारे पुरेसे असले तर पेढीचे लोक गाडी घेऊन गांवांत शिबिरास येतात. तें शिबिर रविवारीं उपासनेनंतर देवळाच्या आवारांत भरवावें, म्हणजे कोणाचा रोज बुडणार नाहीं आणि कोणास रजाहि मागावी लागणार नाहीं. प्रभूच्या दिवशीं हें कसें करावें, असें कांहीं भाविक म्हणतील. त्यांनीं वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट आठवावी. शब्बाथ दिवशीं बरें करावें कीं वाईट करावें, जीव वांचवावा कीं मारावा, हा प्रश्न प्रभूनें सभास्थानांतच विचारला, आणि तेथें कोणापाशीं उत्तर नव्हतें. असें शिबिर वर्षांतून एकदां थाटानें भरवून डबे व पिशव्या वांटण्यापेक्षां, उन्हाळ्याच्या सुटींत महाविद्यालयें बंद असल्यानें रक्ताची टंचाई पडते तेव्हां, गाजावाजा न करतां भरविलेलें बरें.

आणि शेवटीं एक शब्द आमच्या स्वतःच्या घराविषयीं. मंडळ्यांच्या शाळा, वसतिगृहें व दवाखाने यांतून शिपाई, स्वैंपाकी, परिचारिका असे किती तरी लोक आपल्या हाताखालीं काम करतात. आमच्यांतील ज्यांचीं शेतें आहेत त्यांच्याकडे सालगडी आहेत. दुसऱ्यांच्या कारखान्यांत काय नियम असावा हें सांगण्यापूर्वीं, आमच्या शिपायानें रक्त देण्यासाठीं दिवस मागितला तर आम्ही काय उत्तर देतों, आणि आमच्या सालगड्यास तसें मागण्याचें धाडस तरी होतें काय, हें आपण आपल्या मनास विचारावें. ज्या कमिटीच्या हातीं हे नियम आहेत तिनें येत्या बैठकींत एक ओळ लिहून ठेवावी: रक्तदानासाठीं रजा मिळेल. एवढी एक ओळ लिहिण्यास शाई फार लागत नाहीं.

त्या तरुणास आम्हीं असें सांगितलें कीं, व्यवस्थापकाकडे जाऊन आपलें खोटें स्वतःच्या तोंडानें कबूल कर. कापलेला पगार परत मागूं नकोस. आणि मग, पुढच्यांसाठीं, सरळ नियम व्हावा अशी विनंती कर. तो गेला. पगार परत मिळाला नाहीं. परंतु व्यवस्थापकानें त्याला बसावयास सांगितलें, आणि अर्ज लिहून दे, मालकांपुढें ठेवतों, असें म्हटलें. तो अर्ज आम्हीं पाहिला आहे. त्यांत एकहि शब्द खोटा नाहीं. उत्तर अजून आलेलें नाहीं. पंचांनीं त्याला शब्बाथ शाळेंतून काढलें नाहीं. मात्र मुलांस ही सर्व गोष्ट, आपल्या चुकीसुद्धां, त्यानेंच सांगावी असें ठरलें, आणि त्यानें ती सांगितली.

त्या रोजंदारीच्या भावाकडे आम्ही दोन पंचांस घेऊन उशिरां कां होईना, गेलों. त्याचा गुंठाभर भाताचा तुकडा लावणीवांचून राहिला होता, कारण तो स्वतः दुसऱ्यांच्या शेतांत राबत होता. शनिवारीं सहा माणसें गेलीं आणि दुपारपर्यंत तो तुकडा लावून झाला. त्यांत तो पगार कापला गेलेला तरुणहि होता. आणि त्या दिवसाच्या अर्जांत त्यानें 'खासगी कामासाठीं, बिनपगारी' असें लिहिलें होतें.

ज्यानें आपलें जीवन आम्हां सर्वांसाठीं मोल न घेतां दिलें, तो प्रभु आम्हांस उघड्या हातानें देण्यास आणि उघड्या तोंडानें खरें बोलण्यास शिकवो.